खुरप्याचें पाणी

बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोताळा गांव लागतें. दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगा, उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्याची काळी जमीन आणि मधून वाहणारी नळगंगा, असा हा तालुका आहे. कपाशी, सोयाबीन, तूर व मका हीं येथील खरिपाचीं मुख्य पिकें. या काळ्या जमिनीचा स्वभाव कास्तकारांस सांगावयास नको. पाऊस पडला कीं ती पाय धरून ठेवते, आणि चार दिवस ऊन पडलें कीं विटेसारखी टणक होते. या दोहोंच्या मध्यें जो वापसा मिळतो तेवढ्यांतच डवरणी व निंदण उरकावें लागतें. डवरा ओळींमधील तण काढतो. परंतु रोपाच्या बुडाशीं असलेलें तण खुरप्यानेंच काढणें भाग असतें. तणनाशक औषधें आलीं तरी मिरची-कांद्याच्या वाफ्यांत, आंतरपिकांत आणि कपाशीच्या ओळींत खुरप्याचें काम संपलेलें नाहीं.

दहा बायांचें निंदण शेतांत लागलें आहे, आणि दुपारच्या भाकरीपूर्वींच त्यांतील चौघींच्या खुरप्यांचीं पातीं वांकलीं किंवा माना तुटल्या, असा प्रसंग ज्याच्यावर आला नाहीं तो कास्तकार विरळा. खुरपें हें शेतकीच्या सर्व अवजारांत लहान व स्वस्त. म्हणून त्याकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. परंतु त्याच्या दोषाची किंमत दुकानांतील भावानें मोजावयाची नसते. ती बुडालेल्या मजुरीच्या दिवसांत, हुकलेल्या वापशांत आणि बोथट पात्यानें दिवसभर तण ओरबाडणाऱ्या बाईच्या मनगटांत मोजावी लागते. बैलाच्या मानेला जूं लागलें तर मालक त्याच संध्याकाळीं तेथें तेल लावतो. मनगटाची सूज पाहण्यास सहसा कोणी जात नाहीं.

बाजारांतील स्वस्त खुरपें बहुधा मऊ लोखंडाच्या पत्र्यांतून कापलेलें असतें व त्याची मान वेल्डिंगनें जोडलेली असते. सर्वच माल असा असतो असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु घेणाऱ्यास दोहोंतील फरक वरून दिसत नाहीं, कारण रंग दोहोंवर सारखाच असतो. ही परीक्षा ज्याला स्वतः करतां येईल, आणि ज्याच्या घरीं एक लहानशी भट्टी व दोन-चार हत्यारें असतील, त्याला आपल्या घरापुरतीं खुरपीं स्वतः करणें कठीण नाहीं. उन्हाळ्याच्या रिकाम्या दिवसांत करण्याजोगें हें काम आहे.

लोखंड आणि पोलाद यांतील मुख्य भेद कार्बनाच्या प्रमाणाचा आहे. बांधकामाच्या पट्ट्या व पत्रे ज्या मऊ लोखंडाचे करतात त्यांत कार्बन शेंकडा पाव भागाहून बहुधा अधिक नसतो. असें लोखंड लाल करून पाण्यांत बुडविलें तरी म्हणण्यासारखें कठीण होत नाहीं. लोहार ज्याला 'पाणी' म्हणतात तें त्याला चढतच नाहीं. कार्बन शेंकडा अर्धा भाग किंवा त्याहून अधिक असला म्हणजे मात्र धार धरण्याची शक्ति येते. पोलाद महाग होतें त्या काळीं गांवचा लोहार मऊ लोखंडाच्या पात्याच्या कडेस पोलादाची पट्टी तापवून व ठोकून एकजीव करीत असे. पाठ मऊ, धार कठीण. दगडावर आपटलें तरी पातें तुटत नसे. आपल्या शेजारच्या तेलंगणांत कोनासमुद्रम येथें मुशींत तयार होणारें पोलाद तर इराणपर्यंत जात असे. आतां एवढ्या यातायातीची गरज उरलेली नाहीं, कारण उत्तम पोलाद गांवोगांवच्या भंगारांतच पडलेलें आहे.

त्यांतील पहिला माल म्हणजे ट्रकचा किंवा ट्रॉलीचा जुना कमानपाटा. त्यांत कार्बन शेंकडा अर्ध्या भागाहून थोडा अधिक असतो, आणि लवून पुन्हां सरळ होणें हाच त्याचा धर्म असल्यामुळें त्याचें खुरपें सहसा तुटत नाहीं. मात्र मधल्या बोल्टाच्या भोकाजवळचा भाग घेऊं नये. तेथें बारीक चिरा असण्याचा संभव असतो. दुसरा माल ट्रॅक्टरच्या तवेदार वखराचा झिजलेला तवा. पाटा जाड असल्यामुळें तो ठोकून पातळ करावा लागतो. तवा मूळचाच पातळ असतो, म्हणून नवशिक्यानें तव्यापासून आरंभ करावा हें बरें. जुनी कानस वापरण्याचा मोह पुष्कळांस होतो, पण तिच्यांत कार्बन फार असल्यामुळें नवख्या हातून तिचें पातें कांचेसारखें फुटतें. घरबांधणीची सळई घेऊं नये. तिला जो कठीणपणा असतो तो वरच्या थराचा. आंतील भाग मऊच असतो.

मालाची परीक्षा ठिणग्यांवरून करावी. सहाणेच्या यंत्रावर मऊ लोखंड टेंकविलें असतां ठिणग्यांच्या लांब, सरळ रेषा निघतात. पोलादाच्या ठिणग्या टोंकाशीं फुटतात व दिवाळींतील फुलबाजीप्रमाणें त्यांस फांटे येतात. एक मऊ खिळा व एक जुनी कानस जवळ ठेवून तिन्हींच्या ठिणग्या लागोपाठ पाहिल्या म्हणजे पांच मिनिटांत डोळा तयार होतो.

घरच्या कारखान्यास लागणारें साहित्य फार नाहीं. एका भक्कम ओंड्यावर पक्का बसविलेला वाइस, दोन कानशी, एक शेराचा हातोडा, लांब दांड्याची सांडस, छिन्नी, भोकें पाडण्याचें यंत्र आणि हातांत धरण्याचें ग्राइंडर. ऐरण नसल्यास रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा जमिनींत पुरलेल्या ओंड्यावर ठोकून बसवावा. भट्टीसाठीं ट्रकचा जुना ब्रेकड्रम घ्यावा, आंतून मातीनें लिंपावा, तळाच्या भोकांतून नळी आणून तिला हातानें फिरविण्याचा पंखा जोडावा. नळी जस्ताचा मुलामा दिलेली नसावी. तापलेल्या जस्ताचा धूर शरीरास अपायकारक असतो. बाभळीचा कोळसा या कामास पुरेसा आहे. डोळ्यांस चष्मा, पायांत चामड्याचे जोडे आणि अंगांत सुती कपडे असल्यावांचून ग्राइंडर वा भट्टी यांजवळ कोणीं जाऊं नये. पोरांस तर मुळींच जाऊं देऊं नये.

एवढ्याशा सामानास कारखाना म्हणावयाचें काय, असें कोणी विचारील. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडली आणि बेळगांवास आपले बंधु रामचंद्रराव यांच्यासह सायकलींचें दुकान चालविलें. त्या दुकानाचा आरंभ १८८८ सालचा धरतात. तेथूनच पुढें कडबा कापण्याचें यंत्र आणि १९०३ सालीं लोखंडी नांगर निघाला. औंधच्या राजेसाहेबांनीं दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी १९१० सालीं वसली. लोखंडानें जमीन नासते अशी त्या काळीं शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर विकतांना त्यांस फार कष्ट पडले, हें प्रसिद्धच आहे. सर्वांनीं किर्लोस्कर व्हावें असा आमचा आग्रह नाहीं. पण ज्यांच्या दुकानांत एक लेथ नि चार हत्यारें होतीं त्यांनीं शेतकऱ्याची अडचण ओळखून काम केलें, एवढें ध्यानांत राहिलें तरी पुरे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. प्रथम जाड पुठ्ठ्याचा नमुना कापावा. जें जुनें खुरपें घरांतील बायांच्या हातीं चांगलें चाललें असेल तेंच पुठ्ठ्यावर ठेवून आंखावें; नवा आकार काढण्याच्या भरीस पडूं नये. पात्याची लांबी सुमारें ६ इंच, रुंदी मध्यें दीड ते दोन इंच, आणि मागें मानेसाठीं व मुठींत जाणाऱ्या शेपटासाठीं ५ ते ६ इंच माल सोडावा. पातें आणि मान एकाच तुकड्याचीं असावींत. जोड असूं नये. खुरपें तुटतें तें शेंकडा नव्वद वेळां मानेशीं, व तेंही जोडावर, असा कोणत्याही लोहाराचा अनुभव आहे.

पाट्याचा किंवा तव्याचा तुकडा भट्टींत लाल करून राखेच्या ढिगांत पुरून ठेवावा व रात्रभर तसाच राहूं द्यावा. हळूहळू थंड झाल्यानें तो मऊ होतो. मग त्याला करवत, कानस व गिरमिट मानतें. घाईनें वारा घालून किंवा पाणी शिंपडून थंड केल्यास ही सर्व मेहनत फुकट जाते. मऊ झालेल्या तुकड्यावर नमुना आंखून तो कापावा. पाटा असल्यास तो पुन्हां लाल करून ठोकावा व पाठीशीं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जाडी ठेवून धारेकडे त्याहून पातळ करीत न्यावा. तांबडेपणा मावळला कीं ठोकणें थांबवावें. काळ्या पडलेल्या पोलादावर घाव घातल्यास त्यांत चिरा पडतात. शेवटीं मान लाल करून वांकवावी. वांक एकदम काटकोनांत देऊं नये. ऐरणीच्या गोल कडेवर हळूहळू द्यावा, म्हणजे ताण एकाच जागीं सांठत नाहीं. जमिनीवर पातें सपाट टेंकलें असतां मुठीखालीं बोटांच्या मागची हाडें जमिनीस न घासतां राहतील एवढी मानेची उंची असावी.

हें माप कागदावरून घ्यावयाचें नसून हातावरून घ्यावयाचें आहे. निंदण बहुतेक ठिकाणीं बायाच करतात आणि खुरपीं मात्र पुरुष विकत आणतात. म्हणून मुठी प्रायः पुरुषी पंजाच्या जाड असतात. जी बाई खुरपें वापरणार तिनें मूठ धरली असतां बोटांचीं टोंकें अंगठ्याच्या मुळाशीं जेमतेम टेंकलीं पाहिजेत. लांबी तिच्या चार बोटांच्या रुंदीहून एका बोटानें अधिक असावी. आणखी एक गोष्ट बाजार कधींच पाहत नाहीं: डावखुऱ्या बाईला उजव्या हाताचें खुरपें उलटें पडतें. पात्याचा बाक व धारेचा उतार हे दोन्ही तिच्यासाठीं आरशांत पाहिल्याप्रमाणें फिरवून केले पाहिजेत. घरीं खुरपें करणाऱ्यास यांत कांहींच खर्च नाहीं. पुठ्ठ्याचा नमुना पालथा घालावयाचा, एवढेंच.

येथपर्यंतचें काम कोणताही धीमा माणूस करूं शकेल. खरी कसोटी पाणी देण्यांत आहे. पोलाद एका ठराविक उष्णतेपर्यंत तापवून झटकन थंड केलें म्हणजे त्याची आंतील घडण बदलते व तें कठीण होतें. ही उष्णता कमानपाट्यास सुमारें ८५० अंश सेंटिग्रेड असावी. मापक यंत्र घरीं नसतें. परंतु निसर्गानें एक सोय करून ठेवली आहे. लोखंड सुमारें ७७० अंशांस पोहोंचलें कीं चुंबक त्याला चिकटत नाहीं. एका लांब तारेच्या टोंकास चुंबक बांधून तापलेल्या पात्यास लावून पाहावा. तो चिकटेनासा झाला कीं आणखी किंचित् तापवून, तांबडा रंग एक छटा उजळला म्हणजे, पातें बाहेर काढावें. पिंवळें होऊं देऊं नये. हें काम सावलींत किंवा संध्याकाळीं करावें. दुपारच्या उन्हांत भडक लाल लोखंडही काळें दिसतें आणि नवखा माणूस तें जाळून बसतो.

लाल पातें कशांत बुडवावें हा मतभेदाचा प्रश्न आहे. जुने लोहार पाणी वापरीत, व त्यांच्या हातचें मऊ पोलाद तें सोसतही असे. कमानपाट्याचें पोलाद पाण्यांत बहुधा तडकतें. त्याला तेलच पाहिजे. यंत्रांतील जळकें तेल फुकट मिळतें म्हणून पुष्कळजण तें घेतात, परंतु त्याचा धूर विषारी असतो. सरकीचें किंवा सोयाबीनचें साधें तेल हाताला सोसवेल इतकें कोंबट करून लोखंडी डब्यांत घ्यावें. प्लास्टिकची बादली चालणार नाहीं. डब्याचें झांकण हाताशीं ठेवावें. तेलानें पेट घेतला तर झांकण घालावें, पाणी कदापि ओतूं नये. पातें धारेकडून सरळ खालीं उतरवावें. आडवें हलविल्यास तें वांकतें. मान तेलांत बुडवूं नये. ती मऊ राहिली पाहिजे.

थंड झालेल्या पात्यावर कानस चालवून पाहावी. कानस कांचेवर सरकावी तशी सरकली तर पाणी चढलें; धरली तर चढलें नाहीं व पुन्हां तापविलें पाहिजे. खुरप्याला हात घालण्यापूर्वीं त्याच मालाच्या दोन बोटें रुंद तुकड्यावर ही सर्व क्रिया करून तो तुकडा कापडांत गुंडाळून वाइसमध्यें मोडावा. मोडलेली कड मखमलीसारखी बारीक व करडी दिसली तर उष्णता बरोबर होती. साखरेच्या खड्यांसारखे चकाकणारे कण दिसले तर पोलाद फाजील तापलें होतें. भंगारांतील प्रत्येक पाट्याची जात थोडी निराळी असते, म्हणून हा तुकडा मोडण्याचा कंटाळा करूं नये.

पाणी चढलेलें पातें तसेंच वापरल्यास पहिल्याच खड्यावर त्याचा टवका उडेल. त्याचा ठिसूळपणा काढण्यासाठीं तें पुन्हां हलकें तापवावें लागतें, आणि हें त्याच दिवशीं केलें पाहिजे. रात्रभर ठेवलेलें पातें कधीं कधीं आपोआप तडकतें. पातें घासकागदानें चकचकीत करावें. मग एक जाड लोखंडी ठोकळा लाल तापवून त्यावर पात्याची मानेकडील बाजू टेंकवावी, धार बाहेर राहूं द्यावी. चकचकीत पृष्ठभागावर रंग धांवूं लागतात: प्रथम फिकट गवती, मग गडद गवती, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटीं निळा. गवती रंग सुमारें २२० ते २४० अंशांचा, जांभळा २७५ च्या आसपासचा, निळा ३०० चा. वस्तऱ्यास गवती रंग मानवतो, कारण त्याला खडे लागत नाहींत. खुरप्याची धार जांभळी होऊन निळेपणाकडे झुकली कीं पातें ठोकळ्यावरून उचलून थंड पाण्यांत बुडवावें. मान तोंवर निळ्याच्याही पलीकडे जाऊन करडी झालेली असते. तेंच हवें असतें. खडकाळ बरड जमिनीसाठीं निळा रंग पुरता येऊं द्यावा, काळ्या मऊ जमिनीसाठीं जांभळ्यावरच थांबावें. रंग धारेकडे फार वेगानें येतो. या वेळीं दुसऱ्या कोणाशीं बोलूंही नये.

तव्याचें खुरपें करणाऱ्यास एक जवळची वाट आहे. तव्याला मूळचें पाणी कारखान्यांतच दिलेलें असतें. पातें कापतांना तें दर थोड्या वेळानें पाण्यांत बुडवून गार राखलें, कापलेल्या कडेस निळा रंग येऊं दिला नाहीं, आणि मान वांकवितांना पात्यास ओलें फडकें गुंडाळून ठेवलें, तर पुन्हां पाणी देण्याची गरज पडत नाहीं. याच कारणानें तयार खुरप्यास ग्राइंडरवर धार लावणें धोक्याचें. धारेवर क्षणभर जरी निळा डाग उमटला तरी तेवढ्या जागेचें पाणी उतरलें असें समजावें, व तो भाग झिजेपर्यंत तेथें धार टिकणार नाहीं. धार कानशीनें अथवा दगडावर पाणी घालूनच लावावी; उतार वरच्या एकाच अंगास द्यावा, खालचें अंग सपाट ठेवावें, म्हणजे पातें मातींत घुसत न जातां तिच्या पृष्ठाखालून सरळ चालतें. फार पातळ धार दोन तासांत वळते.

मुठीसाठीं बांधावरच्या बाभळीचें, निदान एक उन्हाळा वाळलेलें लांकूड घ्यावें. ओल्या लांकडाची मूठ वाळतांना आकसते व शेपूट खुळखुळूं लागतें. मुठीच्या तोंडाशीं शेंबी अवश्य बसवावी. पाण्याच्या जुन्या लोखंडी नळीचा अर्ध्या इंचाचा तुकडा त्या कामीं येतो. शेंबी बसल्यावर शेपटाचें टोंक किंचित् तापवून मुठींत ठोकावें, म्हणजे तें आपली जागा स्वतः जाळून घेतें. मूठ रंगवूं नये, जवसाचें तेल पाजावें. रंगविलेली मूठ घामानें निसटते.

हें सर्व वाचून गांवच्या लोहाराची गरज उरली नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. जाड पाटा ठोकून पातळ करणें हें दोघांचें काम आहे, आणि तेथें घण मारणारा सराईत हात लागतो. ज्या गांवीं अजून लोहाराचा भाता चालतो तेथील कास्तकारानें तुकडा त्याच्याकडून घडवून घ्यावा, त्याची मजुरी रोख द्यावी, आणि तो पाणी कसें देतो हें पाहत बसावें. त्याच्या पोरानें भाता सोडून शहर गांठलें असेल तर ही विद्या शिकविणारा दुसरा कोणी जवळ नाहीं. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापून खेड्यांतील मुलांस हातानें काम करून शिकविण्याची पद्धति घालून दिली. लोहारकाम, सुतारकाम, वेल्डिंग, वीजजोडणी, शेती व पशुपालन हीं कामें मुलांनीं शाळेंतच करावयाचीं, व गांवाला लागणाऱ्या वस्तु दुरुस्त करून द्यावयाच्या, असा तो क्रम आहे, आणि तो पुढें अनेक शाळांतून नेला गेला. आपल्या तालुक्यांतील शाळांनींही एक भट्टी व एक वाइस ठेवण्यास हरकत नसावी. आठवी-नववीच्या मुलाला कार्बन म्हणजे काय हें पुस्तकांतून सांगण्यापेक्षां दोन ठिणग्या शेजारीं दाखविणें सोपें आहे.

निंदण संपलें म्हणजे खुरपीं गोठ्याच्या वळचणींत खोंचून ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. तेथील ओलाव्यानें व मुताच्या वाफेनें तीं पुढच्या मृगापर्यंत गंजून जातात. खंडेनवमीला अवजारांस हळद-कुंकू वाहतात, त्याच दिवशीं प्रत्येक खुरपें धुऊन, पुसून, उन्हांत वाळवून त्यावर तेलाचा हात फिरवावा. मान हलविून पाहावी, धार बोटानें तपासावी, आणि झिजलेलीं खुरपीं निराळीं काढून मुठीवर खूण करून ठेवावी. रबीच्या हरभऱ्यास व कांद्यास बरीं असतील तीं वापरावींत. खूण केलेलीं माघ-फाल्गुनांत भट्टीवर घ्यावींत. जुन्या खुरप्याचें पातें अर्धें उरलें असलें तरी टाकूं नये. कांद्याच्या वाफ्यांतील दाट रोपांमध्यें फिरविण्यास तेंच अरुंद खुरपें बायांस अधिक आवडतें.